सोसणे वेगळे, सावरणे वेगळे

ऑगस्ट महिना लागला की सांगलीत भेटेल त्याचा पहिला प्रश्न एकच असतो, "पाणी किती फुटांवर आहे?" आयर्विन पुलाजवळच्या पट्टीवर ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले, २०१९ साली ५७ फुटांच्याही पुढे. या आकड्यांवर नजर ठेवून लोक सामान माळ्यावर चढवतात, जनावरे हलवतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे पोचवतात.

नदीचे पाणी आपण इतक्या काळजीने मोजतो. मनावर रोज थोडे थोडे चढणारे पाणी मात्र कोणी मोजत नाही. घरचे मोजत नाहीत, स्वतः माणूस मोजत नाही आणि खरे सांगायचे तर आम्ही डॉक्टर मंडळीही मोजत नाही. या आठवड्याचा विषय तोच आहे. सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

चोवीस वेळा मोजलेला रक्तदाब

पंचेचाळिशीतल्या एक बाई माझ्याकडे दोन वर्षे येत होत्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गाव खानापूर तालुक्यातले. पती गलाईच्या धंद्यात, दक्षिणेत दूरच्या शहरात. आपल्या भागातील हजारो घरांसारखेच हे घर. घरी सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, दोन म्हशी, बारावीतला मुलगा आणि सोसायटीचे कर्ज. तक्रारी नेहमीच्याच होत्या. डोके दुखते, छातीत जळजळते, पाठ भरून येते. रक्तदाब १५० वर ९६. मी गोळ्या लिहून देत असे आणि जाताना कौतुकाने म्हणत असे, "वहिनी, तुमची कमाल आहे. किती सोसता तुम्ही!" त्या हसत आणि जात.

एके दिवशी सगळे रुग्ण गेल्यावर त्या शेवटी आत आल्या. बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, पंधरा दिवस झाले बघा, विहिरीवर गेलं की तिथंच बसावंसं वाटतंय. परत यावंसं वाटत न्हाई."

मी त्यांचा कागद पाहिला. दोन वर्षांत चोवीस वेळा रक्तदाब मोजला होता. झोप कशी आहे, हे एकदाही विचारलेले नव्हते. त्या सोसत होत्या म्हणून मी त्यांना खंबीर समजत होतो. सोसण्याची त्यांची ताकद मोठी होती यात शंका नाही, पण सावरण्याची ताकद केव्हाच संपली होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला त्या संध्याकाळी कळले.

रोजच्या ताणाचे वेगळेपण

ताण म्हटला की आपल्याला मोठी संकटे आठवतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप किंवा २०१९ चा महापूर. अशा संकटात माणसे धावून येतात, सरकार येते, वर्तमानपत्रात फोटो येतात. पण रोजच्या ताणाला पंचनामा नसतो. नळाला पाणी नाही, हप्ता थकला आहे, साहेब बोलतो, पोरगा अभ्यास करत नाही, सासूचे औषध संपले आहे. यातली एकेक गोष्ट सांगायला गेले तर ऐकणारा म्हणतो, "एवढंच ना?"

या "एवढंच ना" गोष्टींचा अभ्यास अमेरिकेत कॅनर, लाझारस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. मध्यमवयीन माणसांच्या आयुष्यातील मोठ्या घटना आणि रोजच्या बारीकसारीक कटकटी अशा दोन्ही त्यांनी नोंदवल्या. मनाच्या तक्रारींशी मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या कटकटींचे नाते अधिक जवळचे निघाले. सुनेने, शिक्षकाने किंवा वाहकाने हे वाचले तर त्यांना नवल वाटणार नाही.

शरीरात काय घडते तेही समजून घेऊ. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की त्रास थंडीचा असो, जखमेचा असो वा अतिश्रमाचा, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. मूत्रपिंडावरच्या ॲड्रीनल ग्रंथी वाढतात, जठरात व्रण पडतात. ताण आला की या ग्रंथींतून ॲड्रीनलीन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात येतात. नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर सोडली जाते. कुत्रे अंगावर आले तर पळायला हे सगळे उपयोगी आहे. कुत्रे गेले की पाच-दहा मिनिटांत नाडी उतरते.

पण कुत्रे रोज दारातच बसलेले असेल तर? १९९३ साली मॅकईवेन आणि स्टेलर या दोघांनी या सततच्या झिजेला एक शास्त्रीय नाव दिले. आपल्याकडचा शेतकरी ती झीज नावाशिवायही ओळखतो. बैलाने चढावर गाडी ओढली आणि माथ्यावर त्याला सोडून पाणी दाखवले, तर काही बिघडत नाही. जू कधी उतरवलेच नाही तर खांदा सुजतो. माणसाची खांदेसूज म्हणजे चढा रक्तदाब, आटोक्यात न येणारी साखर, मोडलेली झोप, आम्लपित्त, चिडचिड आणि विसराळूपणा.

सावरण्याची शक्ती म्हणजे काय

ताण आल्यावर हलायचेच नाही, रडायचे नाही, कोणाला सांगायचे नाही, याला आपण खंबीरपणा म्हणतो. शास्त्र ज्याला मनाची सावरण्याची शक्ती म्हणते ती अशी नाही. या शक्तीचा माणूस हलतो, रडतो, चिडतोसुद्धा. पण काही वेळाने त्याची भूक परत येते, झोप परत येते, कामात लक्ष लागते. पुराचेच पाहा. पाणी सगळ्याच सखल भागात शिरते. जिथे ओढे-नाले मोकळे असतात तिथले लवकर ओसरते, जिथे ते बुजवलेले असतात तिथे आठवडाभर तुंबून राहते. पाणी किती चढले याइतकेच ते किती दिवसांत उतरले हेही महत्त्वाचे असते.

ही शक्ती जन्मजात असते, काहींनाच मिळते, असा समज आहे. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील भांडणे, आई-वडिलांचे आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे चांगली, जबाबदार, माणसांत रमणारी निघाली. त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. निदान एक मोठे माणूस त्यांच्या पाठीशी कायम होते. ती आई असेलच असे नाही. कोणाची आजी, कोणाची मावशी, कोणाचे गुरुजी. या विषयातील दुसऱ्या अभ्यासक ॲन मास्टेन यांनी २००१ साली सगळ्या संशोधनाचा आढावा घेऊन हेच मांडले, की ही शक्ती फार साध्या गोष्टींतून येते. त्यात दैवी काही नाही.

म्हणून "मी मुळातच कमकुवत आहे" असे कोणी म्हणाले की मी ते मान्य करत नाही. आज तुमचे पाणी उतरत नाही, एवढेच त्यावरून म्हणता येते.

मोजण्याची साधने

आता मोजण्याकडे वळू. ताण मोजण्यासाठी शेल्डन कोहेन यांनी १९८३ साली एक प्रश्नावली तयार केली. तिच्या सध्या जास्त वापरल्या जाणाऱ्या रूपात दहा प्रश्न असून ते गेल्या एका महिन्याबद्दलचे असतात. गुण शून्य ते चाळीस. सावरण्याची शक्ती मोजण्यासाठी कॉनर आणि डेव्हिडसन यांची २००३ सालची पंचवीस विधानांची प्रश्नावली आहे, तिचे गुण शून्य ते शंभर. ब्रूस स्मिथ व सहकाऱ्यांनी २००८ साली फक्त सहा विधानांची छोटी प्रश्नावली काढली. कठीण प्रसंगानंतर माणूस किती लवकर पूर्ववत होतो, हेच ती निरनिराळ्या शब्दांत विचारते. तीन विधाने सरळ, तीन उलटी. प्रत्येकाला एक ते पाच गुण देऊन सरासरी काढतात. तीनपेक्षा कमी म्हणजे शक्ती कमी, ४.३ च्या वर म्हणजे चांगलीच जास्त.

ही साधने चांगली आहेत, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, गुण म्हणजे तुमच्या स्वभावाचा दाखला नव्हे. तापमापकावरचा आकडा जसा आजचा असतो, तसाच हा या महिन्याचा असतो. दोन, ही मोजमापे मूळ अमेरिकेत तयार झाली. आपल्याकडे सून म्हणते, "माझं काय, घरातलं सगळं नीट असलं म्हणजे झालं." तिला "मी" ने सुरू होणारे विधान दिले की ती अडखळते. म्हणून निव्वळ आकड्यावर निर्णय घेऊ नये.

रविवारची वही

त्या बाईंच्या प्रसंगानंतर मी माझ्या दवाखान्यात चार प्रश्न विचारू लागलो. हे शास्त्रीय परीक्षेत सिद्ध झालेले मोजमाप नाही, एका साध्या डॉक्टरची कामचलाऊ पट्टी आहे. पण घरी वापरायला सोपी आहे. शंभर पानी वही घ्यावी आणि दर रविवारी चार उत्तरे लिहावीत.

१. झोप : गेल्या सात रात्रींपैकी किती रात्री झोप लागली नाही, किंवा पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा लागली नाही?

२. उतार : या आठवड्यात मनाला लागलेल्या एखाद्या गोष्टीनंतर जेवण, काम, बोलणे पहिल्यासारखे व्हायला किती वेळ लागला? काही तास, दुसरा दिवस, तीन-चार दिवस, की अजून झालेच नाही?

३. माणसे : लाज न वाटता मनातले सांगता येईल अशी माणसे किती? आणि या आठवड्यात त्यांपैकी किती जणांशी प्रत्यक्ष बोललो?

४. आवड : या आठवड्यात कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतःला बरे वाटते म्हणून काय केले?

बेरीज करू नये. शेजारणीच्या वहीशी तुलना करू नये. चार रविवारांनंतर पान उलटून फक्त दिशा पाहावी. झोपमोडीच्या रात्री वाढत आहेत का? उतार लांबत आहे का? चौथ्या प्रश्नापुढची जागा सलग कोरी आहे का? मोठा धक्का बसला आणि उतार लांबला तर काळजीचे कारण नाही. पण धक्के नेहमीचेच आणि उतार मात्र लांबत चाललेला, ही इशारापातळी समजावी.

आणखी एक. थकवा म्हणजे ताणच, असे गृहीत धरू नये. रक्त कमी असणे, थायरॉइडचा विकार, मधुमेह, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही माणूस गळून जातो, चिडतो. कष्टकरी बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणे फार आढळते. या साध्या तपासण्या आधी करून घ्याव्यात.

शक्ती वाढवायची कशी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली संकटग्रस्त भागातील लोकांसाठी पाच भेटींचा एक कार्यक्रम प्रसिद्ध केला. तज्ज्ञ नसलेला पण प्रशिक्षण घेतलेला साधा कार्यकर्ताही तो घेऊ शकतो. त्यात चारच गोष्टी शिकवतात. शरीर शांत करणे, अडचण सोडवण्याची पद्धत, थांबलेली कामे पुन्हा सुरू करणे आणि माणसांचा आधार वाढवणे. आपल्या भागाला लावून त्या सांगतो, आणि आधी झोपेचे सांगतो.

झोप : उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, आदल्या रात्री झोप झाली नसली तरी. दुपारी चारनंतर चहा नको. मोबाईल उशाशी नको, दुसऱ्या खोलीत ठेवावा. विट्याच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसा खोलीत अंधार करून सलग झोपावे, दोन-दोन तासांचे तुकडे करू नयेत. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर रात्रीची पाळी वाटून घ्यावी. एकाच बाईने तीनशे पासष्ट रात्री उठणे ही सेवा नव्हे, तो दुसरा रुग्ण तयार करण्याचा मार्ग आहे.

श्वास : मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास आत, सहा आकडे मोजत सावकाश बाहेर. श्वास रोखून धरायचा नाही. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटे, दिवसातून दोन वेळा. लांब उच्छ्वासाने नाडी मंदावते आणि शरीराला "कुत्रे गेले" असा निरोप मिळतो. एस. टी. ची वाट पाहतानाही हे करता येते.

चालणे : बैठे काम करणाऱ्यांनी आठवड्याला दीडशे मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालावे. शेतात राबणाऱ्या भगिनी विचारतात, "आम्ही दिवसभर वाकतोय, आणि आणखी चालू?" त्यांचे बरोबर आहे. त्यांच्यासाठी औषध उलट आहे. दुपारी अर्धा तास पाठ टेकणे. तेवढा वेळ त्यांना कोणी हाक मारू नये, ही जबाबदारी घरच्यांची.

अडचणींची वाटणी : कागदावर मधोमध रेघ मारावी. एका बाजूला "माझ्या हातात", दुसऱ्या बाजूला "माझ्या हातात नाही". तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार फळछाटणीनंतर ढग आले की रात्रभर जागत. त्यांना मी हे करायला लावले. ढग, पाऊस, बेदाण्याचा दर ही एक बाजू. दावण्यासाठीची फवारणी, विम्याची मुदत, सोसायटीच्या सचिवांची भेट, बायकोला कर्जाचा खरा आकडा सांगणे ही दुसरी. त्यांनी सगळ्यात शेवटची गोष्ट सगळ्यात आधी केली. पुढच्या खेपेला म्हणाले, "डॉक्टर, ढग तेवढंच हाईत, पण रात्री आता दोघं जागतोय." मला हे उत्तर पटले.

हाताबाहेरच्या गोष्टींचा विचार येणारच. त्यासाठी संध्याकाळी पंधरा मिनिटे ठरवून द्यावीत. रात्री विचार आला की त्याला सांगावे, उद्या सहा वाजता ये. हसू येईल, पण सवयीने हे जमते.

थांबलेली कामे सुरू करणे : मन खचले की माणूस आधी आवडीच्या गोष्टी सोडतो. भजनाला जात नाही, कट्ट्यावर बसत नाही, रांगोळी काढत नाही. "बरे वाटले की जाईन" म्हणतो. प्रत्यक्षात उलटे घडते. जाऊ लागल्यावर बरे वाटू लागते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तत्त्वाचा उपचार तपासला आणि २०१७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष दिले. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना प्रशिक्षित सामान्य माणसांनी सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी त्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के. हा अभ्यास नैराश्याचा आहे, रोजच्या ताणाचा नव्हे. पण गावातले माणूस, नीट शिकवले तर, गावातल्या माणसाला किती उभे करू शकते हे त्यातून कळते.

माणसे : आपल्याकडे भिशी आहे, बचत गट आहे, भजनी मंडळ, तालीम, पारायण आहे. लोणंद-फलटणच्या वाटेने पालखी जाते तेव्हा अनोळखी माणूस अनोळखी माणसाचे पाय चेपतो. या गोष्टी मनाचे मोकळे ओढे आहेत. घर बांधताना, बदली घेताना, मुलांना शहरात पाठवताना आपण ते एकेक करून बुजवत आलो आहोत. दूर गलाईला गेलेल्या भावांना माझी विनंती आहे. पैसे पाठवताच. आठवड्यातून एकदा, हिशेब न विचारता, नुसते "तू कशी आहेस" एवढे विचारण्यासाठीही फोन करावा.

खोटा आधार : मिश्री, तंबाखू, गुटखा आणि दारू यांनी ताण हलका झाल्यासारखा वाटतो. तंबाखूने जी तलफ भागते ती तंबाखूनेच लावलेली असते. दारूने झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर ती मोडते. दुसऱ्या दिवशीचा उतार आणखी लांबतो.

ओझेच जास्त असेल तेव्हा

हे सगळे सांगताना एक पथ्य मी पाळतो. ज्याच्या डोक्यावर पोती चार आहेत त्याला नुसते "मान बळकट करा" म्हणून चालत नाही. आधी एखादे पोते उतरवावे लागते. माण तालुक्यातील म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांची माणदेशी बँक सुरू झाली. दुष्काळी भागातल्या बाईला आपल्या नावावर बचत करता येऊ लागली, सावकाराकडे न जाता कर्ज मिळू लागले. २०१२-१३ च्या दुष्काळात तिथेच माणदेशी फाउंडेशनने जनावरांची मोठी छावणी चालवली. दारातली गाय चाऱ्यावाचून विकावी लागते तेव्हा त्या घराला श्वासाचे व्यायाम सांगणारा डॉक्टर हास्यास्पद ठरतो. तिथे चारा हेच मनाचेही औषध असते. म्हणून कर्जाचे हप्ते पाडून घेणे, सरकारी योजनेचा अर्ज भरणे, भावकीतला वाद मिटवणे, ही कामेसुद्धा मी उपचारांतच धरतो.

केव्हा थांबू नये

दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसातला बराचसा वेळ मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे वाटणे, ही नैराश्याची लक्षणे आहेत. इथे वही पुरत नाही. डॉक्टरांना दाखवावे. औषधे लागली तर घ्यावीत, मनाने बंद करू नयेत. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. घरच्यांनी अशा माणसाला एकटे ठेवू नये, कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवावेत. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्याने माणूस मोकळे होते. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येते.

त्या बाईंना मी त्या संध्याकाळी सरळच विचारले. त्यांनी सरळच सांगितले. मी त्यांच्या पतींना फोन लावला, नणंद त्याच रात्री येऊन राहिली, दुसऱ्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांना दाखवले. काही महिने औषधे चालली. पती दोन महिने घरी राहिले. आता आजोबांची दोन रात्रींची पाळी मुलगा करतो, आठवड्यातून दोन दिवस नणंद येते, एक म्हैस विकली, सोसायटीने हप्ते पाडून दिले. गुरुवारी त्या शेजारणीबरोबर देवळापर्यंत चालत जातात. येताना दोघी पारावर बसतात.

सासरे अजून अंथरुणावरच आहेत. कर्ज फिटलेले नाही. रक्तदाब मात्र १३० वर ८४ आहे, आणि त्यांच्या वहीत झोपमोडीच्या रात्री सातावरून दोनवर आल्या आहेत. गेल्या खेपेला म्हणाल्या, "परवा सासऱ्यांवर लई चिडले. पण जेवायच्या आत निवळलं बघा."

मी त्यांना आता "किती सोसता" असे म्हणत नाही. "किती वेळात निवळलं" एवढेच विचारतो. या रविवारी वाचकांनीही घरातल्या सगळ्यात गप्प माणसाला हा प्रश्न विचारून पाहावा.